औषधाचे ऋण

मनुष्य आजारी पडला की त्याला औषध हवे असते. औषधाचा इतिहास नको असतो. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली माता ही गोळी कोणी शोधली असे विचारीत नाही, आणि तिने तसे विचारावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु मूल बरे होऊन अंगणात खेळू लागले, घराला पुन्हा स्वस्थता लाभली, की मग एक प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. रोग बरा करणारे ज्ञान वस्तुतः कोणाचे? ज्याला ते प्रथम गवसले त्याचे, ज्याने ते लिहून ठेवले त्याचे, ज्याने ते विकले त्याचे, की ज्याला त्याची गरज आहे त्याचे?

हा प्रश्न केवळ वैद्यांचा किंवा वकिलांचा नाही, तो नीतीचा आहे. म्हणूनच काही जुन्या-नव्या वैद्यकीय लेखनांच्या आधाराने तो वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

संत लूक हे वैद्य होते, असे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून आपण मानतो. त्यांच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची जी कथा आहे, ती अन्य तीन शुभवर्तमानांत नाही. दहा जण बरे झाले, आभार मानावयास एकच परतला, आणि तो होता शोमरोनी, म्हणजे परका. बरे होण्याची कथा दहाही जण शुद्ध झाले तेथे संपली असती. पण एका वैद्याला ती तेथे संपली असे वाटले नाही. आरोग्य लाभल्यानंतर मागे वळून पाहणे हाही आरोग्याचाच भाग आहे, असे त्यांस वाटले असावे. हे सूत्र ध्यानात ठेवून आता आपण गोव्याकडे वळू.

आपल्या भूमीवर छापला गेलेला वैद्यकाचा पहिला मोठा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात मुद्रित झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले, त्याच्याही ५३ वर्षे आधीची ही गोष्ट. येशूसंघीयांबरोबर गोव्यात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. ग्रंथाचे नाव लांबलचक आहे. त्याचा आशय ‘भारतातील वनौषधी व औषधी द्रव्ये यांविषयी संवाद’ असा सांगता येईल. ग्रंथकाराचे नाव गार्सिया द ओर्ता. कामोइंश या पोर्तुगालच्या महाकवीची आरंभीच्या काळात छापून आलेली एक कविता याच ग्रंथात आहे. छपाई मात्र इतकी सदोष झाली की शेवटी भलेमोठे शुद्धिपत्र जोडावे लागले.

ओर्ता यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली यहुद्यांना स्पेनमधून घालवून देण्यात आले तेव्हा ते पोर्तुगालात आले, आणि १४९७ साली तेथेही सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागलेल्यांपैकी ते होते. अशा घरात जन्मलेल्या मुलाने सालामान्का आणि आल्काला येथे वैद्यक शिकून लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले आणि १५३४ साली जहाजाने भारताची वाट धरली. गोव्यात त्यांनी वैद्यकी केली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात ते चिकित्सक म्हणून जात, आणि तेथील हकिमांशी त्यांची चर्चा होई. मुंबईचे बेट त्यांच्याकडे खंडाने होते. म्हणजे आज ज्या महाराष्ट्रात आपण राहतो, त्याची माती या ग्रंथाच्या पानापानाला लागलेली आहे.

ग्रंथ पन्नासहून अधिक संवादांचा आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य युरोपातील विद्या घेऊन येतो, शंका विचारतो, आणि ओर्ता त्याला उत्तरे देतात. कोरफड, हिंग, वेलदोडा, दालचिनी, हळद, आंबा, नारळ, अफू असे विषय एकामागून एक येतात. या ग्रंथाचे थोरपण त्याच्या वृत्तीत आहे. त्या काळी युरोपात प्राचीन ग्रीक ग्रंथकारांचा शब्द म्हणजे वैद्यकातील शेवटचा शब्द मानला जाई. ओर्ता यांनी तो धाक मानला नाही. जे त्यांनी भारतात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, ते जुन्या पोथीशी जुळत नसेल तर पोथी चुकली असे ते निर्भयपणे लिहितात. शिवाय ग्रंथ त्यांनी पंडितांच्या लॅटिन भाषेत न छापता पोर्तुगीज या बोलत्या भाषेत छापला.

पटकीच्या रोगाचे एका युरोपीय वैद्याने केलेले पहिले तपशीलवार वर्णन याच ग्रंथात आहे. त्या रोगाचे नाव त्यांनी येथील लोकांच्या तोंडून घेतले. आपल्या आज्यापणज्या ज्याला ‘मोडशी’ म्हणत, तोच हा शब्द. पोर्तुगीजांनी तो आपल्या जिभेप्रमाणे फिरवला, फ्रेंचांनी त्याला आणखी वेगळे वळण दिले, आणि असा आपल्या घरातला एक शब्द युरोपच्या वैद्यकीय लेखनात जाऊन बसला. येथील वैद्य अशा रोग्यास मिरी आणि जिरे घालून तांदळाची पेज देत, हेही ओर्ता नोंदवतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी तोंडावाटे पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले आणि तो अनुभव लिहून जगापुढे ठेवला. पेज आणि ते पाणी एकच नव्हे, हे खरे. परंतु ज्याच्या शरीरातील पाणी निघून चालले आहे त्याला पाणी पाजावे, ही दिशा गोव्यातील अनामिक वैद्यांना चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होती.

‘अनामिक’ हा शब्द आम्ही हेतुतः वापरला. ओर्ता यांच्या ग्रंथात अंतोनिया नावाची एक दासी येते. मालकाने हाक मारली की ती फळ आणते, पाला आणते, मुळी आणून दाखवते. तिच्या नावापलीकडे तिच्याविषयी आपणांस फारसे काही कळत नाही. ज्या वैद्यांकडून आणि वनस्पती विकणाऱ्यांकडून ओर्ता शिकले, त्यांतील बहुतेकांचे तर नावही नाही. ज्ञान पुस्तकात आले, पण ज्याच्या ओंजळीतून ते आले तो मनुष्य दाराबाहेरच राहिला.

आणि मग नियतीने ओर्ता यांच्याशीच तसा खेळ केला. येथे आम्हांस, एक धर्मगुरू या नात्याने, जड अंतःकरणाने लिहावे लागते; पण ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायासन स्थापन झाले. १५६३ साली ओर्ता यांचा ग्रंथ छापला गेला तेव्हा तो त्याच न्यायासनाच्या प्रमुखाने पाहिल्याची नोंद ग्रंथाच्या पहिल्याच पानावर आहे. १५६८ साली ओर्ता वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. त्याच आरोपावरून १५८० साली ओर्ता यांचीही अस्थी उकरून काढून अग्नीत टाकण्यात आली. ज्या हातांनी पुस्तकास अनुमती दिली, त्याच अधिकारपीठाने सतरा वर्षांनी पुस्तककर्त्याची हाडे जाळली.

तोवर पुस्तक मात्र दूर निघून गेले होते. कारोलुस क्लुसियुस या वनस्पतितज्ज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप करून १५६७ साली अँटवर्प येथे प्रसिद्ध केला, आणि त्यावाटे ते युरोपातील वैद्यांच्या हाती पडले. ओर्ता यांच्या टिपणांच्या आधाराने ज्यांनी औषधे दिली, आणि ज्यांना गुण आला, त्यांच्यापैकी कोणी ग्रंथकार मनातून कोणती प्रार्थना म्हणत असे याची चौकशी केली असेल, असे वाटत नाही. आज पणजीत चर्चसमोरील उद्यानास गार्सिया द ओर्ता यांचेच नाव आहे.

काही वाचक म्हणतील, जुनी जखम कशाला उघडावी? आमचे उत्तर असे की, जखम झाकल्याने ती भरत नाही, हे वैद्यकाचे पहिल्या इयत्तेतील ज्ञान आहे. १९९८ साली धर्मचौकशीच्या मध्यवर्ती कार्यालयाचे जुने दप्तर अभ्यासकांस खुले झाले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. परमपित्याच्या प्रतिनिधीला जे बोलण्यास संकोच वाटला नाही, ते बोलण्यास आपण का कचरावे? सत्य हे बोलणाऱ्याच्या कुळावरून ठरत नाही. औषधाचे तर मुळीच नाही. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो, आणि औषध भूमीतून परमेश्वरानेच उत्पन्न केले आहे अशी शिकवण देतो. भूमीतून जे उगवते त्याला ना पंथ, ना जात.

आता याच्या शेजारी दुसरा एक ग्रंथ ठेवून पाहू. हेंड्रिक व्हान र्‍हेडे हा डच अधिकारी कोचीनला गव्हर्नर असताना त्याने मलबारातील वनस्पतींचा एक महाग्रंथ सिद्ध करविला. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या नावाने त्याचे बारा खंड १६७८ पासून १६९३ पर्यंत आम्स्टरडॅम येथे निघाले. सातशेहून अधिक वनस्पती त्यात चित्रांसह आहेत. डच प्रॉटेस्टंट आणि पोर्तुगीज कॅथलिक यांचे त्या काळचे वैर सर्वश्रुत आहे. तरीही या कामाच्या आरंभी र्‍हेडे यांना साह्य केले ते संत योसेफाचे मॅथ्यू या कार्मेलसंघीय कॅथलिक संन्याशाने. वनस्पती ओळखून त्यांचे गुण सांगितले ते इट्टी अच्युतन या ईळव जातीच्या वैद्याने. त्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते.

आम्हांस या ग्रंथात सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. इट्टी अच्युतन यांचे १६७५ सालचे मल्याळी निवेदन पहिल्या खंडात त्यांच्याच लिपीत छापलेले आहे. तसेच त्या तीन वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेले आहे. वनस्पतींच्या चित्रांवरही लॅटिनबरोबर मल्याळी, अरबी आणि नागरी अक्षरांत नावे आहेत. ज्या काळात एक ईळव आणि एक ब्राह्मण यांना एका पंक्तीत बसणे शक्य नव्हते, त्या काळात ते एका पुस्तकाच्या पानावर शेजारी बसले. र्‍हेडे हा व्यापारी कंपनीचा नोकर होता, धर्मात्मा नव्हता. तरीही ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे त्याने झाकली नाहीत. सव्वातीनशे वर्षांनंतर के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचून हा ग्रंथ इंग्रजीत आणि मग मल्याळीत आणला. केरळ विद्यापीठाने तो २००३ आणि २००८ साली प्रसिद्ध केला. ज्यांचे होते ते त्यांच्या भाषेत परत गेले.

लिहिण्याचे आणि नाव राखण्याचे महत्त्व किती व्यावहारिक असू शकते, हे आपण १९९७ साली पाहिले. जखमेवर हळद लावण्याचा उपाय आपलाच शोध आहे म्हणून अमेरिकेत १९९५ साली एक पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने त्यास हरकत घेतली. ‘आमच्या घरोघरी हे ठाऊक आहे’ एवढे म्हणून भागले नाही. जुने छापील लेख आणि ग्रंथ पुराव्यादाखल हजर करावे लागले. मग ते पेटंट रद्द झाले. आजीचा हात खरा होता, पण पेटंट कार्यालयाला कागद हवा होता.

येथे आपण मुकुटबनच्या परिसराचा विचार करू. झरी-जामणी तालुक्याच्या या मुलखात जमिनीखाली चुनखडी आहे, कोळसा आहे. त्यांचे थर मोजले गेले, नकाशे निघाले, ते किती आहेत आणि कोणाचे आहेत याची कागदोपत्री नोंद झाली. पण याच जमिनीवर कोलामांचे पोड आहेत. कोणत्या झाडाची साल कोणत्या ऋतूत काढावी, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर वाटावा, बाळंतिणीस काय द्यावे आणि काय देऊ नये, हे जाणणारी वडीलधारी माणसे त्या पोडांवर आहेत. त्यांच्या ज्ञानाचा नकाशा कोठे आहे? कोलामी भाषेला स्वतःची लिपी नाही. जो जाणता मनुष्य जातो, त्याच्याबरोबर एक न लिहिलेला ग्रंथ मातीत जातो. हिरडा, बेहडा, मोह, पळस ही झाडे रानात उरतील. त्यांच्याविषयीचे शहाणपण उरेलच असे नाही.

हे लिहिताना दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी की, कृतज्ञता म्हणजे अंधविश्वास नव्हे. सर्पदंश झालेल्या मुलाला मांत्रिकाच्या दारात तासन्‌तास बसवून ठेवणे हा परंपरेचा मान नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. त्याला तडक रुग्णालयात नेऊन प्रतिविषाची लस द्यावी. ओर्ता यांनी जी कसोटी ग्रीकांच्या पोथीला लावली, तीच आपल्या घरच्या काढ्यालाही लावली पाहिजे. दुसरी सावधगिरी अशी की, गरिबाचे ज्ञान लिहून घेणे ही कधी कधी त्याला लुटण्याची पहिली पायरी असते. ज्याने सांगितले त्याची अनुमती, त्याचे नाव आणि लाभ झालाच तर त्यात त्याचा वाटा, या तीन गोष्टी नसतील तर लिहिणारा हात आणि चोराचा हात यांत फारसे अंतर राहत नाही.

ऋणाला दोन टोके असतात. कोणाकडून घेतले हे एक, आणि कोणाला परत दिले हे दुसरे. आपल्या विदर्भातच या दुसऱ्या टोकाचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात काम सुरू केले तेव्हा तेथील आदिवासींच्या इच्छेप्रमाणे रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना त्यांनी नवजात बालकाचा श्वास मोजावयास, त्याला ऊब द्यावयास, न्यूमोनिया ओळखून औषध द्यावयास शिकविले. ३९ गावांतील या कामाचा वृत्तान्त डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे देशभरच्या आशाताईंनी घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची पाहणी करण्याची जी पद्धत सुरू झाली, तिचे मूळ येथे आहे. डॉ. राणी बंग यांनी तेथील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते ‘गोईण’ या मराठी पुस्तकात लिहिले. ज्यांच्याकडून ऐकले त्यांच्याच उंबऱ्यापर्यंत ज्ञान परत गेले.

याच्या उलट चित्रही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या खोक्यात घडी केलेला सूचनांचा कागद असतो. त्यावर काय करावे, काय करू नये, हे बारीक अक्षरात छापलेले असते. तोही एक प्रकारचा वैद्यकीय मजकूरच. पण उन्हात पाठीवर पंप घेऊन उभ्या असलेल्या मजुराच्या हाती तो कागद किती वेळा पडतो, आणि पडला तर कितीदा वाचता येतो? ज्ञान छापले म्हणजे ऋण फिटले असे होत नाही. ते ज्याच्या जिवाशी संबंधित आहे, त्याच्यापर्यंत त्याला कळेल अशा बोलीत पोहोचावे लागते.

आम्हांस असे वाटते की, रोग बरे करणारे ज्ञान ही ठेव आहे, मालमत्ता नाही. लेखक हा त्या ठेवीचा भांडारी. भांडाऱ्याने हिशोब खरा ठेवावा, ठेवणाऱ्याचे नाव पुसू नये, आणि गरजवंत दारी आला तर त्याचा धर्म न विचारता कोठार उघडावे. ओर्ता यांनी हिशोब खरा ठेवला, पण अनेकांची नावे राहून गेली. र्‍हेडे यांनी नावे राखली. गडचिरोलीच्या त्या स्त्रियांच्या हातून कोठार उघडले.

आमच्या वाचक कुटुंबांना यात करण्यासारखे काही आहे काय? आहे, आणि ते लहान आहे. आपल्या घरातील वृद्ध मातेला, शेजारच्या सुईणीला, पोडावरील जाणत्या आजोबांना उसंत काढून विचारावे. वही घ्यावी. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे, झाडाचे नाव त्यांच्याच बोलीत लिहावे, गुण येतो की नाही हे डॉक्टरांना विचारून समासात नोंदवावे. आणि सर्वांत वर, ज्यांनी सांगितले त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहावी. त्यांना लिहिता येत असेल तर इट्टी अच्युतन यांच्याप्रमाणे त्यांची सहीही घ्यावी. वही पूर्ण झाली की तिची एक प्रत त्यांच्या घरी परत द्यावी. शाळेत जाणारा नातू असेल, तर तो ती मोठ्याने वाचून दाखवील.